तांबूस आभाळ आणि चाकणचे दिवे

श्रोतेहो, नमस्कार.

मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलं, तेव्हा लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेनं आकाशातली अरोराची, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाची लाल झाक टिपली. ते फोटो मोबाईलवर फिरले आणि दुसऱ्या रात्री कोथरूडच्या आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं गच्चीवर! "ते बघा, तांबूस!" वरच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या. ते चाकणकडचे दिवे होते.

"पण काल केपी नऊ होता की!" एक मुलगा हटून बसला. आता हा केपी म्हणजे चुंबकीय वादळाची शून्य ते नऊ अशी पट्टी. पण तो तीन तासांचा आकडा, म्हणजे झाल्या गोष्टीचा हिशेब. घटका-दोन घटकांत काय होईल, हे सांगायला तो फारसा कामाचा नाही.

खरी बातमी येते पंधरा लाख किलोमीटरवरून. सूर्याच्या दिशेनं तेवढ्या अंतरावर एल-१ नावाचा बिंदू आहे. आपलं आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ला तिथं पोचलं. त्यावरची सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण आपल्या गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलसंस्थेनं घडवली, हे जाता जाता अभिमानानं सांगतो. तिथली यानं सौर वाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांचा वेग मोजतात, शिवाय त्यानं सोबत आणलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशाही. या दिशेच्या उत्तर-दक्षिण भागाला म्हणतात बी-झेड. तो उत्तरेकडे असला, तर वारा कितीही जोराचा असो, पृथ्वीचं दार बऱ्यापैकी बंद. दक्षिणेकडे वळला, आकडा उणे झाला, की कडी निघते, ऊर्जा आत शिरते आणि अरोरा उजळतो.

गोची अशी, की सूर्यावर स्फोट दिसला तरी त्यातून सुटलेल्या वाऱ्याचा बी-झेड कुठं वळेल, हे तो वारा एल-१ला येईपर्यंत नीट कळत नाही. तिथून पृथ्वी वाऱ्याच्या सेकंदाला चारशे किलोमीटर वेगानं तासाभरावर, आठशेनं अर्ध्या तासावर. म्हणून तीन दिवस आधीचा अंदाज हा अंदाजच. आपल्या वळवासारखा.

आणि पुणं? चुंबकीय विषुववृत्ताच्या फार जवळ, आणि अरोरा उजळतो ध्रुवांकडे. इथं गच्चीवर जाऊन फक्त डास चावतील.

काकू मात्र हिवाळ्यात अरोरा बघायला नॉर्वेतल्या ट्रोम्सोला निघाल्यात. त्यांना सांगितलंय: बी-झेड बराच वेळ उणे राहिला, की हातातला चहा सोडून बाहेर पळा. केपीची काळजी करू नका, तिथं दोनही पुरतो. ढग तेवढे बघा.