बंडाचा जमाखर्च

श्रोतेहो, नमस्कार.

चांदीचा एक रुपया म्हणजे एक तोळा. इंग्रजी अमदानीत रुपयाचं हेच वजन होतं, साडेअकरा ग्रॅमहून किंचित जास्त. हजार रुपयांची थैली बांधली की ती साडेबारा शेरांची व्हायची, आजच्या मापात पावणेबारा किलोला जराशी कमी. नोटा होत्या, पण खेड्यातल्या व्यवहारात रोकड म्हणजे चांदीच. 1879 साली वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे जिल्ह्यात आणि कोकणात जो सशस्त्र उठाव केला, तो समजून घ्यायचा तर तलवारीच्या आधी हे वजन ध्यानात ठेवलेलं बरं.

मुंबईकरांना हे नाव चौकामुळे ठाऊक असतं. धोबी तलावाला, मेट्रो सिनेमापाशी त्यांच्या नावाचा चौक आहे. त्यांचं गावही आपल्या वाटेवरचंच. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलात की पळस्पे मागं पडतं आणि थोड्याच वेळात शिरढोण लागतं. 4 नोव्हेंबर 1845 रोजी त्यांचा जन्म तिथं झाला. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि 1818 मध्ये तो किल्ला इंग्रजांनी घेतला. नातवानं मात्र इंग्रजांच्याच कचेरीत लेखणी धरली. आधी मुंबईत जी.आय.पी. रेल्वेत, मग लष्कराला दाणागोटा पुरवणाऱ्या कमिसारियट खात्यात, आणि पुढं बदली होऊन पुण्याला लष्करी हिशेबाच्या कचेरीत. आईच्या आजारपणात रजा वेळेवर मिळाली नाही, ती कायमची अंतरली, हा प्रसंग सगळे सांगतात आणि तो खराही आहे. पण माझ्या मते या माणसाची खरी ओळख त्या हिशेबाच्या नोकरीत आहे. सैन्याला महिन्याकाठी किती पैसा, किती धान्य, किती जनावरं लागतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं कागदावर पाहिलं होतं. त्यांचं बंडही त्यांनी तसंच मांडलं.

वेळ कोणती होती, तेही पाहू. 1875 च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर उठून कर्जरोखे जाळले, आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. पाठोपाठ 1876 ते 78 चा दुष्काळ. दुष्काळी कामावर जाणाऱ्या धडधाकट पुरुषाला दिवसाची मजुरी किती, तर एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे जेमतेम अर्धा किलो. दिवसभर खडी फोडणाऱ्याला! हे माप ठरवणारे सर रिचर्ड टेंपल पुढं 1877 च्या मे महिन्यात मुंबईचे गव्हर्नर झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं अर्ज-निवेदनं धाडली, मजुरांनी कामं बंद ठेवली. फडके सभेच्या चळवळीत होतेच, स्वदेशीवर व्याख्यानं देत होते, 1874 मध्ये भावे आणि इंदापूरकर यांच्यासोबत त्यांनी शाळाही काढली होती. तालमीत लहुजी वस्ताद साळव्यांकडे दांडपट्टा, तलवार शिकले होते. अर्जांनी काही होत नाही, हे मनानं घेतल्यावर त्यांनी पुण्यातल्या पांढरपेशांकडे पैसे मागून पाहिले. पाठ थोपटणारे पुष्कळ भेटले. थैलीची गाठ कुणी सोडली नाही.

मग माणसं कुठून आणायची? रामोशी, कोळी, धनगर, मांग. यातल्या रामोशांची गोष्ट जरा वेगळी. पेशवाईत किल्ल्यांची आणि गावांची राखण त्यांच्याकडे होती, तिचा मोबदला होता. कंपनीच्या राज्यात ती वतनं आटली. उमाजी नाइकांचं बंड याच दुखण्यातून उठलं होतं, आणि 1832 मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाल्याला आता पन्नास वर्षंही झाली नव्हती. पुरंदरच्या डोंगरवाटा, रात्रीच्या चाली, कुठल्या खिंडीत पाणी आहे, हे सारं त्यांच्या घरात पिढीजात होतं. दौलतराव नाईक हे फडक्यांचे यातले मोठे साथीदार.

आता बेत ऐका. फडक्यांनी आत्मवृत्त लिहून ठेवलं आहे, त्यात तो आहे. दोनशे माणसं जमली की खेडचा, म्हणजे आजच्या राजगुरुनगरचा, सरकारी खजिना लुटायचा. त्या पैशावर आणखी माणसं, मग घोडे. छोट्या छोट्या टोळ्या एकाच वेळी चहूकडे सोडायच्या, म्हणजे धास्ती पसरेल आणि सैन्य एका जागी गोळा होणार नाही. टपाल थांबवायचं, रेल्वे आणि तार तोडायची, म्हणजे एका ठिकाणची खबर दुसरीकडे पोचणार नाही. नंतर तुरुंग फोडायचे; लांब मुदतीचे कैदी आपसूक येऊन मिळतील, कारण इंग्रज राहिले तर त्यांना सुटका नाही. हा बेत भाबडा नाही. 1863 पासून बोरघाटातून आगगाडी चालू होती, तारा होत्या. मुंबईची खबर पुण्याला घटकेत आणि पलटण त्याच दिवशी. या यंत्राची नस कुठं आहे, हे त्यांना नेमकं कळलं होतं. अडलं ते पहिल्याच पायरीवर, दोनशे माणसं महिनाभर पोसण्याच्या पायरीवर.

जरा हिशेब करू. देशी पलटणीतल्या शिपायाचा पगार तेव्हा महिना सात रुपये. वर भत्ता, पेन्शन, आणि मेला तर घरच्यांची काही सोय. बंडात येणाऱ्याला यातलं काहीच नाही, उलट मान फासात. तरी सातच रुपये धरू. दोनशे माणसांचे महिन्याला चौदाशे रुपये झाले. 23 फेब्रुवारी 1879 ला शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा पडला. गावातल्या सावकाराच्या घरी सरकारी कराची रक्कम ठेवलेली होती. हाती लागली रोकड चारशे रुपयांच्या आसपास. चौदाशेच्या महिन्यात चारशे म्हणजे धड नऊ दिवसांची बेगमी नाही. म्हणजे नऊ दिवसांच्या आत पुढचा छापा हवा, नाहीतर माणसं घरी. तालुक्याचा खजिना बाजूला राहिला आणि सावकारांची घरं पुढं आली, ती या गणितानं. वाल्हे आणि पुरंदरच्या बाजूची गावं झाली. प्रत्येक छाप्यानं पोलिसांना नवा माग मिळत गेला आणि वाटणीवरून कुरबुर वाढत गेली. फडक्यांना लूट म्हणजे पुढच्या फौजेचं भांडवल वाटे. रामोशांना ती आजची मजुरी वाटे. या वादात सगळा दोष रामोशांच्या माथी मारायची एक रीत पडून गेली आहे. मला ती पटत नाही. घरी पोरं उपाशी असताना लुटीचा वाटा पुढच्या राज्यासाठी राखून ठेवा असं सांगणं सोपं आहे.

हत्यारांची गोष्ट थोडक्यात. 1878 च्या हत्यारबंदीच्या कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा झालं होतं. उरल्या तलवारी, भाले आणि कुठंकुठं दडवलेल्या जुन्या बंदुका. जुनी तोड्याची, म्हणजे जळत्या वातीनं पेटवायची, बंदूक भरायची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओता, वर चिंधी, मग गोळी, गजानं ठासा, कानाशी, म्हणजे बाजूच्या छिद्राशी, रंजक (पेट घेणारी दारू) घाला आणि जळता तोडा टेकवा. सरावाच्या हातालाही मिनिटाला एक, फार तर दोन बार. रात्री तोड्याचा निखारा लांबून दिसतो, दमट हवेत रंजक पेटतच नाही. समोर पलटणीकडे मागून काडतूस भरायच्या रायफली, मिनिटाला आठ-दहा गोळ्या. त्यामुळे समोरासमोर उभं राहायचं नाही, अंधारात यायचं आणि उजाडायच्या आत डोंगरात शिरायचं, एवढाच मार्ग होता. त्याला पायात वेग हवा आणि पाठीवर ओझं नको.

आणि इथंच पळस्पं येतं. 10-11 मेच्या सुमारास दौलतरावांची टोळी घाट उतरून कोकणात आली आणि पळस्पे, चिखली इथं छापे पडले. फडक्यांच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर. लूट मोठी होती. दीड लाखाचा आकडा सांगितला जातो. त्यात दागिने असतील, कापड असेल. निम्मीच रक्कम नाण्यांत होती असं धरून पाहा. पाऊण लाख रुपये म्हणजे पंचाहत्तर हजार तोळे, जवळजवळ पावणेनऊशे किलो चांदी. माणशी वीस किलो म्हटलं तरी चाळीस-पंचेचाळीस माणसं निव्वळ हमाली करणार, आणि तीही मे महिन्याच्या उन्हात, पनवेलच्या मैदानातून घाटमाथ्यापर्यंत. ओढे आटलेले, झाडी झडलेली, लपायला सावली नाही. बैल घ्यावेत तर ते चोरवाटेनं चढत नाहीत, वाहत्या घाटानं न्यावेत तर तिथं चौक्या. चांदी पुरून ठेवावी तर नंतर ती कोण काढणार यावर विश्वास नाही. बंडवाल्यांच्या मागावरच्या इंग्रज मेजर डॅनियलच्या तुकडीनं घाटाकडे परतणाऱ्या टोळीला गाठलं, चकमक झाली आणि दौलतराव गोळी लागून पडले. ज्या एका छाप्यानं फौजेचा खर्च खरोखर भागला असता, त्याच छाप्यानं फौजेचा सरदार गेला.

त्याच आठवड्यात, 13 मेच्या रात्री, पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. साऱ्या शहरानं ते फडक्यांचं काम मानलं. तपासात वेगळंच निघालं; रानडे नावाच्या सरकारी पुस्तक भांडारातल्या कारकुनावर गुन्हा शाबीत झाला. पण तोवर सरकार पुरतं बिथरलं होतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांवरसुद्धा संशय धरला, त्यांची बदली धुळ्याला केली, त्यांची पत्रं फोडून वाचली. फडक्यांना पकडून देणाऱ्याला सरकारनं बक्षीस लावलं, तर त्यांनी उलट जाहीरनामा काढून गव्हर्नर टेंपलच्याच डोक्यावर बक्षीस लावलं. दुष्काळी कामं वाढवा, कर उतरवा, गोऱ्या नोकरांचे गलेलठ्ठ पगार कापा, अशा मागण्या त्या जाहीरनाम्यात होत्या. लंडनपर्यंत त्याची वाच्यता झाली. जमाखर्चाच्या दृष्टीनं पाहिलं तर साऱ्या बंडात सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत जास्त परिणाम करणारं काम हेच, एक कागद!

दौलतरावांनंतर सह्याद्रीतला जोर ओसरला. त्यात पाऊस तोंडावर आलेला. जूनमध्ये नीरा-भीमा भरतात, उतार बंद होतात, आणि ज्याच्याकडे बिघाभर जमीन आहे तो माणूस पेरणीला घरी जातो. फडके निजामाच्या मुलखात गेले. तिथं रोहिल्यांची भरती करायचं ठरलं, पाचशेची बोलणी झाली. रोहिले व्यवसायानं भाडोत्री शिपाई; त्यांना आगाऊ रक्कम लागते. पुन्हा तीच थैली! गाणगापूरच्या बाजूनं ते पंढरपूरच्या रोखानं निघाले. मागावर मेजर डॅनियल आणि हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक. 20 जुलैच्या रात्री तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या, देवर नावदगी गावच्या देवळात, अंगात ताप असताना, झोपेत त्यांना धरलं.

पुण्याच्या खटल्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांच्या बचावाला उभे राहिले. पुढं सेशनमध्ये महादेव चिमणाजी आपटे. आरोप होते राणी सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचे आणि दरोड्याचे. पुराव्यात सर्वांत जड काय ठरलं असेल, तर फडक्यांचं स्वतःचं आत्मवृत्त आणि रोजनिशी. कुठं गेलो, किती माणसं होती, काय मिळालं, पुढं काय करायचं, सगळं त्यांनी लिहून ठेवलं होतं. सरकारनं त्याचा इंग्रजी तर्जुमा करून कोर्टापुढं ठेवला. बंडखोरानं रोजनिशी ठेवू नये, हे खरं. पण ती ठेवली म्हणून आज आपल्याकडे या उठावाची आतली बाजू आहे, नाहीतर पोलिसांच्या अहवालांतले दरोडे तेवढे उरले असते.

नोव्हेंबरमध्ये जन्मठेप झाली. मुंबई हायकोर्टातलं अपील फेटाळलं गेलं. फोर्टातल्या आजच्या इमारतीत कोर्ट येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. काही दिवस ठाण्याचा तुरुंग आणि मग जानेवारी 1880 मध्ये 'तेहरान' बोटीनं एडन. एडन का, असं कुणी विचारतं. तर एडनचा कारभार त्या काळी मुंबई इलाख्याखाली होता; मुंबईच्या सरकारला आपला कैदी आपल्याच हाताखाली, पण समुद्रापार ठेवता आला. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला ते तुरुंगातून निसटले. भोवती उघडं वाळवंट, भाषा परकी, ओळखीचं माणूस नाही. थोड्याच वेळात पुन्हा पकडले गेले. 17 फेब्रुवारी 1883 ला तिथंच त्यांचा अंत झाला.

आता राहिली सावकारीची बाजू. फडक्यांचा खटला चालू होता त्याच दिवसांत, 1 नोव्हेंबर 1879 पासून, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. तो घडवण्यात 1875 च्या दंग्यांच्या चौकशीचा वाटा मोठा. 1879 च्या धास्तीनं घाई झाली असेल, तर तेवढीच. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं या कायद्यानं बंद केलं. रोख्यावर लिहिलेल्या आकड्यावर न थांबता मुळात किती दिले, व्याज किती चढवलं, हे खोदून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत असं ठरवलं. सावकारांनी त्यावरही तोड काढली. गहाणखत लिहायचं सोडून ते कर्ज देतानाच जमिनीचं थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि परत देण्याचा करार तोंडी ठेवू लागले.