टीव्ही आला, पण लाईट बिलाचं काय?

नमस्कार मंडळी, नाशिकहून बोलतेय. आज जरा शाळांबद्दल बोलायचंय, म्हणजे सरकार शाळाशाळांत जे तंत्रज्ञान आणतंय ना, त्याबद्दल.

मागच्या पावसाळ्यात पेठ तालुक्यात एका पाड्यावरच्या झेडपी शाळेत गेले होते. तिसरीचा वर्ग, भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्यावर फुलाफुलांचं कापड, धूळ बसू नये म्हणून. लाईट सकाळपासून गेलेली, इन्व्हर्टरची बॅटरी कधीचीच बसलेली. मग गुरुजींनी आपला मोबाईल काढला. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड त्यांनी आदल्या दिवशीच बाहेर उंबराखाली उभं राहून स्कॅन केला होता, कारण रेंज तिथंच येते, आणि व्हिडिओ डाउनलोड करून ठेवला होता. एकोणीस पोरं त्या एवढ्याशा स्क्रीनभोवती, मागची तर बाकावर चढलेली. बीला कोंब कसा फुटतो ते बघत होती, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "आमची नागली पण अशीच वर येते!" मला खरंच भरून आलं.

म्हणून सांगते, योजना वाईट नाहीयेत. दीक्षा, म्हणजे शाळेच्या धड्यांचं सरकारी ॲप, २०१७ पासून आहे, फुकट आहे, मराठीतही आहे. २०२० मध्ये कोरोनात पीएम ई-विद्या आलं, ज्यांच्याकडे नेट नाही त्यांना टीव्हीवर धडे मिळावेत म्हणून. २०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून, म्हणजे गावोगाव नेट पोचवायच्या केंद्राच्या योजनेतून, ब्रॉडबँड द्यायचं ठरलंय. चांगलंच आहे, पण माध्यमिक! पाड्यावरची शाळा चौथीपर्यंतच असते हो, तिचं काय?

आणि वस्तू आली की पुढचा खर्च कोणी करायचा? समग्र शिक्षा, म्हणजे केंद्राची शाळांसाठीची योजना, तिच्या नियमात ३० ते १०० पटाच्या शाळेला वर्षाचं अनुदान २५,००० रुपये. त्यातच खडू, रजिस्टरं, दुरुस्ती, लाईट बिल, नेटचा रिचार्ज, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. त्यात बॅटरी बदलायची कुठून? बिल थकलं की कनेक्शन कापतात, मग टीव्ही नुसता भिंतीला. माझं म्हणणं एवढंच आहे की टीव्हीसोबत पाच वर्षांच्या दुरुस्तीचे आणि लाईटचे पैसेही त्याच योजनेत धरा, वेगळे धरा, आणि जिथं लाईट टिकत नाही तिथं आधी सोलर बसवा मग टीव्ही द्या.

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण आपापल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत असाल, सुरगाण्याचे, त्र्यंबकचे, इगतपुरीचे. पुढच्या मीटिंगला जाल तेव्हा त्या टीव्हीवरचं कापड काढायला सांगा, बटण दाबा, चालला नाही तर का चालला नाही ते ठरावात लिहून घ्या आणि त्या कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.