ते परत आले होते

[दृश्य: तालुक्याच्या गावातली बँक. नोव्हेंबरची सकाळ, दार उघडायला अजून वेळ आहे. पायरीवर म्हातारी माणसं.]

नोव्हेंबर उजाडला की आमच्या तालुक्याच्या बँकेपुढे एक वेगळी रांग लागते. कुणाच्या डोक्यावर गांधी टोपी, कुणाच्या अंगात जुना हिरवा स्वेटर, पण पायातले बूट मात्र पॉलिश केलेले. काखेत प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत पेन्शनचे कागद. ही माणसं हयातीचा दाखला द्यायला आलेली असतात. मी अजून आहे, हे वर्षातून एकदा सरकारला कळवायचं. आता त्यासाठी बरेचजण यंत्रावर बोट ठेवतात. फौजेत आणि नंतर शेतात झिजलेल्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात, ठसा चारचारदा उठत नाही. म्हातारा बोट धोतराला पुसतो आणि पुन्हा ठेवतो.

माझे आजोबा या रांगेत २७ वर्षं उभे राहिले. पुढच्या नोव्हेंबरात त्या रांगेत आजी उभी राहिली, त्यांच्या मृत्यूचा दाखला घेऊन.

लढाईत पडलेल्या जवानाचं नाव दगडावर कोरलं जातं, आणि ते कोरलंच पाहिजे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या भिंतींवर २५ हजारांहून अधिक नावं आहेत. पण जो लढला, परत आला, पुढे चाळीस वर्षं शेती केली, पोरांची लग्नं लावली आणि एक दिवस खाटेवर गेला, त्याचं नाव कुठे शोधायचं? ही चित्रफीत त्या परत आलेल्यांसाठी आहे.

[दृश्य: इटलीतल्या नदीचं जुनं कृष्णधवल छायाचित्र. दोन्ही काठांना उंच बांध.]

इटलीच्या उत्तरेला सेनिओ नावाची नदी आहे. फार रुंद नाही. पण पुराचं पाणी अडवायला तिच्या दोन्ही काठांवर मातीचे उंच बांध घातलेले आहेत, आणि १९४५ च्या वसंतात जर्मन सैन्य त्याच बांधांत बिळं करून बसलं होतं. ९ एप्रिलला हल्ला झाला. त्यात बेळगावच्या मराठा पलटणीचे जवान होते. पहिल्या बटालियनच्या एका कंपनीत नामदेव जाधव हा २३ वर्षांचा शिपाई रनर होता. रनर म्हणजे निरोप्या. कंपनी कमांडरच्या सावलीसारखं राहायचं आणि सांगतील तो निरोप गोळ्यांतून पळत पोचवायचा. गाव निमज, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर.

नदीतून बाहेर पडताच समोरच्या तीन ठाण्यांवरून मशीनगन सुरू झाल्या. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे जागीच गेले. धड उरले एकटे नामदेव.

आता पुढचं जरा सावकाश ऐका. एका जखमीला उचलून नामदेव पुन्हा पाण्यात उतरले. पाणी खोल. पलीकडे बांधाचा उभा चढ, आणि त्या चढावर सुरुंगांचा पट्टा. त्यातून त्याला सुखरूप नेऊन ठेवलं. मग परत आले आणि दुसऱ्याला नेलं. दोन्ही खेपांना उखळी तोफा आणि मशीनगन चालूच होत्या. इथे थांबले असते तरी त्यांना कुणी बोल लावला नसता. ते तिसऱ्यांदा गेले. पहिलं ठाणं टॉमीगनने गप्प केलं. तेवढ्यात हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना. त्यांनी ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. मध्येच संपले, तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन मागच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. उरलेली दोन्ही ठाणी बंद पडली. त्यानंतर हा माणूस बांधावर उघड्यावर उभा राहिला आणि शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना करत, हात हलवून मागच्या कंपन्यांना नदीपार बोलावत राहिला.

व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, त्यांना मिळालं आणि त्याच्या मानपत्रात हे सगळं नोंदलेलं आहे. मला त्यातली एक ओळ सोडवत नाही. तोफांचा मारा चालू असताना तो उभा राहिला आणि बाकीच्यांना बोलावत राहिला.

[दृश्य: माणगाव, रायगड जिल्हा. यशवंत घाडगे यांचा पुतळा.]

त्याच्या आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, त्याच इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे पडले. वय २२. सगळी तुकडी गारद झाल्यावर त्यांनी मशीनगनचं ठाणं एकट्याने घेतलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने लढले आणि त्या ठाण्यातच गेले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या मुलखात, सत्तरहून अधिक वर्षांनी, कोकणातल्या एका पोराच्या नावाने घड्याळ. ऐकूनच ऊर भरून येतो.

घाडगे कायमचे २२ वर्षांचे राहिले. जाधव परत आले. स्वतंत्र भारताच्या फौजेत राहिले, हवालदार झाले, निवृत्त झाले. २ ऑगस्ट १९८४ ला पुण्यात वारले, ६२ वर्षांचे होऊन. सेनिओच्या बांधावरच्या त्या दिवसानंतर ३९ वर्षं. त्या ३९ वर्षांतल्या सकाळी, बाजारहाट, थंडीत दुखणारा हात, रात्रीची झोप, यांचं मानपत्र कुणी लिहीत नाही.

[दृश्य: नौशेरा ते राजौरी, डोंगराला विळखे घालत जाणारा रस्ता.]

दुसरं नाव रामा राघोबा राणे यांचं. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिये. वडील पोलिसात होते. राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. चारच महिन्यांनी, ८ एप्रिल १९४८ ला, सेकंड लेफ्टनंट राणे जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर सव्विसाव्या मैलाला उभे होते. राजौरी घुसखोरांच्या ताब्यात होती. तिथवर रणगाडे न्यायचे होते आणि रस्ता सुरुंगांनी, पाडलेल्या झाडांनी, उडवलेल्या मोऱ्यांनी अडवलेला होता.

सॅपरचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर जवानाचं, काम हे असं असतं. बाकीचे शत्रूला गाठायला जातात, आणि सॅपर त्यांच्यासाठी वाट करायला त्यांच्याही पुढे. बऱ्याचदा हातात बंदूक नसते, सुरुंग असतो.

काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचे गोळे पडले. तुकडीतले दोन ठार, पाच जखमी, त्यांत स्वतः राणे. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि रणगाड्यांसाठी वाट काढायला लागले. त्या रात्री १० वाजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पासून पुन्हा. पाइनची झाडं आडवी पडलेली, ती सुरुंग लावून उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग तुटलेली मोरी, तिला वळसा घालून वाट. अंधार पडता पडता पाच मोठी झाडं आणि भोवती सुरुंग. तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला ते त्याच झाडांशी हजर होते. दुपारी २ वाजता रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे मात्र मागे राहून रात्री ९ पर्यंत रस्ता साफ करत होते, कारण मागून रसद येणार होती. जेवण नाही, विश्रांती नाही. चौथ्या दिवशी सकाळी ११ वाजता रस्ता चिंगसपर्यंत मोकळा झाला, आणि त्या रात्री १० पर्यंत त्यांचं पुढचं काम चालूच होतं. १२ एप्रिलला राजौरी आपल्या हातात आली.

जखमी माणसाचे हे चार दिवस आहेत. शौर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक क्षण येतो, एक झेप. राणे यांचं शौर्य मला पहाटे पावणेपाचच्या त्या उठण्यात दिसतं.

परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेल्या मोजक्या माणसांपैकी ते एक. (पदकाचं रेखाटन सावित्री खानोलकर यांचं. जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी घरातल्या.) राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून फौजेतून बाहेर पडले आणि ११ जुलै १९९४ ला पुण्यात वारले, ७६ वर्षांचे होऊन. ते हयात असतानाच त्यांच्या नावाचं तेलवाहू जहाज समुद्रावर फिरत होतं. कारवारच्या किनाऱ्यावर आज त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ पासून अंदमानातलं एक बेट त्यांचं नाव लावतं.

[दृश्य: सातारा जिल्ह्यातलं एखादं गाव. दारावर पाटी, ‘माजी सैनिक’.]

पदकं मिळालेल्यांची नावं निदान कागदावर राहतात. पण आमच्याकडे वाडीवाडीवर असे म्हातारे होते ज्यांच्या छातीवर फक्त सेवेची पदकं होती, आणि लोक त्यांना नावाने नव्हे, हुद्द्याने ओळखत. हवालदाराचा मळा. सुभेदाराची विहीर. नाईकांची सून. माणूस जाऊन तीस वर्षं झाली तरी विहीर सुभेदाराचीच.

माझे आजोबाही असेच एक. १९६५ आणि १९७१, दोन्ही वेळेला आघाडीवर होते. घरी त्याबद्दल बोलले नाहीत म्हटलं तरी चालेल. गावात कुणाला इंग्रजी कागद आला की तो आजोबांकडे यायचा. बँकेचा, औषधाचा, कोर्टाचा. ते चष्मा लावून सावकाश वाचत आणि अर्धं मराठी, अर्धं फौजी हिंदी बोलत समजावून सांगत. गावातली पोरं भरतीला निघाली की पहाटे त्यांच्याबरोबर पाणंदीने चालत, हातात घड्याळ धरून त्यांच्या धावण्याची वेळ मोजत. कॅन्टीनमधून आणलेल्या साबणाची एक वडी दिवाळीला शेजारच्या प्रत्येक घरी जायची. एकदाच, मी बारावीत असताना, ते म्हणाले होते, “माझ्या शेजारी होता तो गेला. मला आयुष्य मिळालं ते त्याच्या वाटणीचं पण.” आणि लगेच बैलाला पाणी पाजायला उठले. मी पुढे काही विचारलं नाही. वय लहान होतं, असं मी मनाला सांगतो. खरं तर नंतरही सात वर्षं मिळाली होती.

त्यांच्या अंत्ययात्रेला पंचक्रोशीतले माजी सैनिक आले होते. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. कोटावर पदकं लावून आले. चिता पेटायच्या आधी सगळे एका रांगेत उभे राहिले, त्यांतल्या सर्वांत थोरल्याने हळू आवाजात हुकूम दिला आणि वाकलेल्या पाठी जेवढ्या सरळ होतील तेवढ्या झाल्या. सलाम झाला. मग चहासुद्धा न घेता एसटी गाठायला निघून गेले.

१४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस. १९५३ मध्ये त्या दिवशी फौजेचे पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पा निवृत्त झाले, म्हणून तो निवडला. आपल्याकडे त्याच सुमाराला संक्रांत असते. तीळगूळ द्यायला आपण घरोघर जातोच. गल्लीत ‘माजी सैनिक’ अशी पाटी असेल, तर त्या दारीही जा आणि थोडा वेळ बसा. कुठल्या पलटणीत होतात, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

[दृश्य: माळ्यावरची काळी लोखंडी ट्रंक. कॅमेरा हळूहळू झाकणाकडे.]

आजोबांची ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव आणि खाली गावचं रेल्वे स्टेशन. आत आता आजीच्या गोधड्या असतात. गेल्या वर्षी घराला रंग दिला तेव्हा रंगारी ट्रंकही रंगवून देतो म्हणाला. आजी माळ्याच्या शिडीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ती राहू दे. तिच्यावर त्यांचा नंबर आहे.”