दोनशे मिनिटांचा हिशोब

(पुण्यात महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडू आणि प्रशिक्षकांपुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्झिंग्टनमध्ये, आमच्या घराला लागून एक निवृत्त शिक्षक राहतात. वय ऐंशीच्या पुढे. तिथल्या केंटकी विद्यापीठाचे बास्केटबॉल सामने रेडिओवर ऐकत ते लहानाचे मोठे झाले. दर उन्हाळ्यात त्यांच्या व्हरांड्यातल्या टेबलावर एक पिवळा रेघी कागद असतो, मधोमध उभी रेघ मारलेला. डावीकडे सरत्या हंगामात खेळलेली मुलं, उजवीकडे येत्या हंगामात खेळणारी. जो मुलगा राहिला, त्याच्या डावीकडच्या नावापासून उजवीकडच्या नावापर्यंत ते पट्टी ठेवून रेघ ओढतात. २०२४ च्या जूनमध्ये मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा दोन्ही बाजू नावांनी भरल्या होत्या आणि कागदावर आडवी रेघ एकही नव्हती. पट्टी बाजूला तशीच पडून होती.

तुमच्यातले बरेच जण कॉलेजच्या टीममध्ये खेळता. आपल्याकडे एफवायला टीममध्ये आलेला मुलगा टीवायपर्यंत त्याच जर्सीत असतो, पुढे एम.कॉम.ला तिथेच राहिला तर आणखी दोन वर्षं. त्यामुळे नवी टीम म्हणजे जुनी टीम, त्यातून पास आउट झालेले वजा आणि चार नवी पोरं अधिक. हा हिशोब कोचच्या तोंडावर असतो. अमेरिकेतल्या कॉलेजांतही बराच काळ असंच होतं. मग तीनेक वर्षांत तीन गोष्टी घडल्या. एप्रिल २०२१ मध्ये खेळाडूला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली. त्याआधी बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. आणि एप्रिल २०२४ मध्ये कितीही वेळा कॉलेज बदलायला वाट मोकळी झाली. कोविडमुळे २०२०-२१ चा हंगाम कुणाच्याच खेळायला मिळणाऱ्या चार वर्षांत धरला गेला नाही, म्हणून त्या काळातली मुलं पाचव्या वर्षीही खेळत होती, ते वेगळंच.

केंटकीत त्यावर आणखी एक घाव बसला. पंधरा हंगाम कोच असलेले जॉन कॅलिपारी २०२४ च्या एप्रिलमध्ये उठून अर्कान्सासला गेले. स्कॉलरशिपवरची सगळी मुलं पांगली. काही एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये, काही कॅलिपारींच्या मागे, काही आणखी कुठे. नवे कोच मार्क पोप ब्रिगम यंग विद्यापीठातून आले. १९९६ साली केंटकीनं अजिंक्यपद मिळवलं त्या संघाचे ते कर्णधार होते. त्यांचं स्वागत संघाच्या घरच्या मैदानावर, लेक्झिंग्टनच्या रप अरीनात झालं, तेव्हा नुसतं भाषण ऐकायला ते भलंमोठं स्टेडियम भरलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. अशा दोन याद्या समोर असताना तुलना कशी करायची? बहुतेक जण नावाला नाव लावतात. तो गार्ड गेला, हा गार्ड आला. त्याचे सरासरी बारा पॉइंट, याचे अकरा, म्हणजे थोडं नुकसान. माझं ठाम मत आहे की यातून काहीही कळत नाही. सामना चाळीस मिनिटांचा, कोर्टवर एका वेळी पाच जण. म्हणजे प्रत्येक सामन्यात वाटायला दोनशे मिनिटं असतात. गेल्या वर्षी ती दोनशे मिनिटं कुणी खाल्ली? त्यातली किती परत येतायत? उरलेली कोण भरणार, आणि तो आधी जिथे होता तिथे त्याच्या वाट्याला कसली मिनिटं होती? हे तीन प्रश्न विचारले की यादी बोलायला लागते.

२०२३-२४ चा संघ घ्या. त्यात आठ फ्रेशमन, म्हणजे नुकती शाळा सोडून आलेली मुलं. अँटोनियो रीव्हजला सामन्यामागे वीस पॉइंट. रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम बहुतेक सामन्यांत बाकावरून उठून यायचे, आणि हंगाम संपल्यावर तीन महिन्यांनी त्याच दोघांना एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसरा आणि आठवा क्रमांक मिळाला. लांबून नेम धरण्यात, तीन पॉइंटच्या शॉटच्या टक्केवारीत, तो संघ देशात पहिला होता. जवळजवळ ४१ टक्के. इतकं असून मार्च २०२४ मध्ये पिट्सबर्गला राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत ओकलंड नावाच्या छोट्या विद्यापीठानं त्यांना ८० विरुद्ध ७६ असं हरवलं. ओकलंडच्या जॅक गोल्कीनं एकट्यानं दहा थ्री-पॉइंटर टाकले. वय वर्षं चोवीस. त्याच्यासमोर हात वर करून उभी असलेली आमची पोरं अठरा-एकोणीसची. मी तो सामना घरी बघत होतो. शेवटच्या पाच मिनिटांत काय दिसत होतं सांगतो : गोल्की स्क्रीनच्या, म्हणजे वाट अडवून उभ्या असलेल्या साथीदाराच्या, आडून निघायचा आणि आमचे दोघं डिफेंडर एकमेकांकडे बघायचे, की याला कुणी धरायचं. तेवढ्या अर्ध्या सेकंदात बॉल हवेत असायचा. हुशारी कमी नव्हती. एकमेकांबरोबर घालवलेली वर्षं नव्हती.

पोपनी नेमकी तिथे दुरुस्ती केली. त्यांच्या पहिल्या यादीत सहा जण पाचव्या वर्षाचे होते. लॅमाँट बटलर, कोबी ब्रे, अँड्र्यू कार, अमारी विल्यम्स, जॅक्सन रॉबिन्सन, कर क्रीसा. सहाही जण २०२० साली, त्या न धरलेल्या हंगामात, वेगवेगळ्या कॉलेजांतून सुरू झालेले. विल्यम्स इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा, क्रीसा एस्टोनियाचा. बटलरनं २०२३ च्या फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, सॅन डिएगो स्टेटसाठी शेवटच्या क्षणी शॉट टाकून संघाला अंतिम सामन्यात नेलं होतं. ब्रेनं डेटनमधल्या शेवटच्या हंगामात २०१ थ्री-पॉइंटर मारून बरोबर १०० आत घातले होते.

आणि यादी वाचताना इथेच चूक होते. आम्ही सगळे बटलर, ब्रे, रॉबिन्सन यांच्याबद्दल बोलत होतो. ओक्लाहोमातून आलेला ओटेगा ओवे आमच्या बोलण्यात चौथा-पाचवा यायचा. तिथे त्याला सामन्यामागे अकराच्या आसपास पॉइंट होते, नेम साधारण. पण त्याची जुनी चित्रफीत पाहिली तर दिसायचं की बॉल त्याच्या हातात फार उशिरा यायचा, सगळं फिसकटल्यावर. पोपनी त्याला धावता असताना बॉल द्यायला सुरुवात केली आणि संघात सर्वाधिक, सरासरी सोळा पॉइंट त्यानं केले. फेब्रुवारीत त्याच्या जुन्या कॉलेजात, नॉर्मनला, सामना होता. आमच्या संघाचे शेवटचे अठराच्या अठरा पॉइंट एकट्या ओवेचे, आणि एका पॉइंटनं विजय. दोन आठवड्यांनी एसईसी या आमच्या विद्यापीठांच्या गटाच्या स्पर्धेत पुन्हा ओक्लाहोमाच समोर, पुन्हा एका पॉइंटनं विजय, पुन्हा शेवटचा शॉट त्याचाच. आकडे सांगतात मुलानं काय केलं. त्याला काय करू दिलं होतं ते आकड्यांत नसतं.

कागदावर न दिसणारी दुसरी गोष्ट शरीराची. क्रीसाचा पाय डिसेंबरात मोडला. बटलरचा खांदा जानेवारीपासून दगा देत राहिला. लुइव्हिलविरुद्ध याच बटलरनं दहापैकी दहा शॉट घालून ३३ पॉइंट केले होते, हे मी स्टेडियमात बसून पाहिलंय, म्हणून त्याला खांद्याला पट्ट्या बांधून एका हातानं बॉल सांभाळताना बघवत नव्हतं. रॉबिन्सनचं मनगट मार्चपर्यंत पुरलं नाही. दोनशे मिनिटांची जी वाटणी जूनमध्ये आखली होती, तिचा फेब्रुवारीत मागमूस नव्हता. तरी संघ २४ सामने जिंकला, पुढे राष्ट्रीय विजेता ठरलेल्या फ्लोरिडाला १०६ विरुद्ध १०० असं हरवलं, आणि २०१९ नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत पोचला. तिथे टेनेसीनं थांबवलं. त्याच टेनेसीला आम्ही हंगामात दोनदा हरवलं होतं.

गेलेली मुलं मात्र गेली असं होत नाही. १ फेब्रुवारी २०२५ ला कॅलिपारींचा अर्कान्सास रप अरीनात खेळायला आला. लाल-पांढऱ्या कपड्यांत डी. जे. वॅगनर, ॲडू थिएरो, झ्वोनिमिर इव्हिशिच. वर्षापूर्वी याच बास्केटखाली ते निळ्यात सराव करायचे. प्रेक्षक कॅलिपारींवर ओरडत होते. माझ्या पुढच्या रांगेत एक सात-आठ वर्षांची मुलगी होती, तिच्या अंगात थिएरोचा जुना निळा शर्ट. ती तिच्या बाबांना विचारत होती, आता टाळ्या वाजवायच्या की नाही. बाबांनी काही उत्तर दिलं नाही, तिला उचलून खांद्यावर घेतलं. अर्कान्सास ८९, केंटकी ७९.

आणि एक उलटी गोष्टही आहे, जी मला फार आवडते. मार्च २०२४ मध्ये ज्या आठवड्यात पिट्सबर्गला केंटकीचा संघ हरला, त्याच आठवड्यात इकडे रप अरीनात राज्यातल्या शाळांची अंतिम स्पर्धा चालू होती. अंतिम सामना लायन काउंटी विरुद्ध हार्लन काउंटी. एका बाजूला ट्रॅव्हिस पेरी, केंटकीच्या शालेय इतिहासात सर्वाधिक पॉइंट केलेला मुलगा. दुसऱ्या बाजूला कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ भागातला ट्रेंट नोआ. लायन काउंटी जिंकली. आठ महिन्यांनी ते दोघं त्याच कोर्टवर एकाच संघाच्या बाकावर शेजारी बसले होते. पोपना मोठी नावं बाहेरून आणावी लागली, तरी त्यांनी ही दोन घरची मुलं यादीत ठेवली. मिनिटं दोघांच्या वाट्याला थोडीच आली. पण नोआ बाकावरून उठला की जो आवाज व्हायचा, तो बटलरसाठीही होत नसे.

आता यंदाची, २०२५-२६ ची यादी. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. पाचव्या वर्षाचे सहाही जण अर्थातच गेले. ब्रे आणि विल्यम्स यांची ड्राफ्टमध्ये निवड झाली, ४१ वा आणि ४६ वा. पेरी ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात, गेला, त्याचं मला वाईट वाटलं. राहिले ते ओवे, ब्रँडन गॅरिसन, कॉलिन चँडलर आणि नोआ. मिनिटांत मोजलं तर दोनशेपैकी फार फार तर तिसरा हिस्सा. शून्याच्या तुलनेत हे पुष्कळ आहे. ओवेनं ड्राफ्टमधून नाव मागे घेतलं, ही उन्हाळ्यातली सर्वांत मोठी बातमी.

बाहेरून आलेल्यांत फ्लोरिडाचा डेन्झेल अॅबरडीन, अलाबामाचा मुहमद दियुबाते, पिट्सबर्गचा जेलंड लो, टुलेनचा कॅम विल्यम्स. शाळेतून जॅस्पर जॉन्सन आणि मॅलकाय मोरेनो, दोघेही केंटकीचेच. माझा अंदाज स्पष्ट सांगतो. अंगानं हा संघ गेल्या वर्षीपेक्षा दणकट आहे, डिफेन्स सुधारेल, रिबाउंडसाठी, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडण्यासाठी, दियुबातेसारखा झुंजणारा मुलगा गेल्या वर्षी नव्हता. पण नेम उतरलाय. ब्रेला मोकळा सोडायची कुणाची हिंमत नव्हती, त्यामुळे बाकी चौघांना आत जागा मिळायची. ती जागा आता कोण करून देणार? कॅम विल्यम्सचा हात चांगला आहे, पण तो जेमतेम एक वर्ष खेळलाय. लो पिट्सबर्गमध्ये सामन्यामागे जवळजवळ सतरा पॉइंट करायचा, मात्र लांबून त्याचे चारातले तीन शॉट चुकायचे. ओवेबद्दल जी चूक आम्ही केली ती इथे करायची नाही. लोला तिथे दर वेळी स्वतःच काहीतरी घडवावं लागे, घड्याळ संपत आल्यावर अवघड शॉट त्याच्याच गळ्यात. सोबतीला ओवे असेल तर त्यातले निम्मे शॉट त्याला मारावेच लागणार नाहीत. अॅबरडीनचं उलट आहे. तो अजिंक्य संघात होता, पण तीन पट्टीच्या गार्डांच्या मागे, बाकावरून वीसेक मिनिटं. त्याला आता तीस मिनिटं पेलतील का, हे मी डिसेंबरपर्यंत बघणार आहे.

खरी पोकळी अमारी विल्यम्सची आहे. सात फुटी डावखुरा सेंटर स्वतः बॉल ड्रिबल करत पुढे आणायचा आणि कोपऱ्यातल्या मुलाला पास द्यायचा. पोपचा अर्धा खेळ त्याच्या हातातून जायचा. उंच मुलं यंदाही आहेत, पण गॅरिसनला ते थोडंफार जमतं आणि मोरेनो अजून शाळेतून येतोय.

मग राहतो जेडन क्वेंटन्स. हा मुलगा शाळेत असताना केंटकीकडेच सही करून बसला होता. कॅलिपारी गेले तसा तोही सुटला आणि ॲरिझोना स्टेटला गेला. सतराव्या वर्षी तिथे त्यानं भल्याभल्यांचे शॉट अडवले, मग फेब्रुवारीत गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटला. आता तो केंटकीच्या यादीत आहे आणि गुडघा बरा व्हायची वाट बघतोय.

इकडे यायला निघण्याआधी मी शेजारच्या सरांकडे डोकावलो. यंदाच्या कागदावर चार आडव्या रेघा होत्या, पट्टीनं ओढलेल्या. क्वेंटन्सचं नाव उजवीकडे होतं. डावीकडे तो कधी नव्हताच, कारण तो आमच्याकडे एकही मिनिट खेळलेला नाही. सरांनी त्याच्या नावापासून एक तुटक रेघ डावीकडे काढली होती. सगळी नावं ओलांडून ती समासाच्याही बाहेर, कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.