पाणी वाटणाऱ्या रेषेवरून

मंडळी, शिखर चढणे आणि डोंगरधारेवरून चालणे यांतला फरक इंदूरकरांना सांगणे मला सोपे वाटते, कारण आपण एका पाणलोटाच्या शेजारीच राहतो. महूपलीकडच्या जानापाव डोंगरावर उगम पावलेली चंबळ उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते, आणि त्याच विंध्याच्या डोंगरांतली चोरल दक्षिणेला नर्मदेत उतरते. पावसाचे पाणी ज्या रेषेवर असे दोन दिशांना वाटले जाते, ती रेषा म्हणजे धार.

आज मी ज्या सिंगालीला धारेविषयी बोलणार आहे, ती दार्जिलिंगच्या पश्चिमेला आहे. भारत आणि नेपाळ यांची सीमा बरेच अंतर तिच्या माथ्यावरूनच जाते, त्यामुळे वाट कधी या देशात असते, तर कधी त्या. टुमलिंगला मुक्काम केला तर आपण नेपाळात झोपतो. मानेभंज्यांगहून निघालेली ही वाट टोंग्लू, कालीपोखरी करीत ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूला पोचते, आणि हा पश्चिम बंगालमधला सर्वांत उंच माथा आहे.

पाणी वाटून देणाऱ्या जागेवर पाणी थांबत नाही, हे वाचून ठाऊक असूनही पहिल्या खेपेला मी एकच बाटली घेऊन निघालो होतो. दोन्ही अंगांना हिरव्यागार दऱ्या दिसत होत्या, खालच्या ओढ्यांचा आवाजही येत होता, पण दुपारपर्यंत घसा कोरडा पडला तेव्हा जवळपास एक झरा सापडला नाही. कालीपोखरीचे काळेशार तळे स्थानिक लोक पवित्र का मानतात, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजले. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तीवर सगळी भांडी भरूनच पुढे निघतो.

धारेचे दुसरे वैशिष्ट्य ढगांचे आहे. रात्रभर गार झालेली हवा दरीत साचते, म्हणून पहाटे ढग पायांखाली असतात. सूर्य उतारांना तापवू लागला की तीच ओलसर हवा वर चढते, थंड होते, आणि पुष्कळदा सकाळ सरण्याआधीच माथा धुक्यात बुडतो. जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार, म्हणजे एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू, संदकफूवरून दिसतात, पण ती सकाळी लवकर उठणाऱ्याला. ८,५८६ मीटरचे कांचनजंगा जवळ असल्यामुळे सारे क्षितिज व्यापते, तर एव्हरेस्ट मागे असल्याने मकालूपेक्षा ठेंगणे दिसते. पहिल्यांदा पाहणारा हमखास मकालूलाच एव्हरेस्ट समजतो. मीही समजलो होतो.

इंदूरची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, आणि संदकफूवर समुद्रसपाटीच्या मानाने दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी प्राणवायू मिळतो. आजकाल जीपगाडी थेट माथ्यापर्यंत जाते, म्हणून एका दिवसात तीन हजार मीटर चढून जाण्याचा मोह होतो. माझ्या मते हा मोह टाळलाच पाहिजे. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोके दुखून मळमळू लागले तर वर जाणे थांबवावे, आणि त्रास वाढला तर विनाविलंब खाली उतरावे.

बहुतेक लोक संदकफूहून परत फिरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. तिथून फालूटपर्यंतचे २१ किलोमीटर हीच खरी धार आहे. फालूटही सुमारे ३,६०० मीटरवरच आहे, तरी वाट प्रत्येक खिंडीत उतरते आणि पुन्हा चढते, त्यामुळे नकाशावर सपाट वाटणारा तो दिवस पायांना चांगलाच जाणवतो. एप्रिल-मेमध्ये गेलात तर जंगलाच्या पट्ट्यात गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर फुले नसतात, पण आकाश निवळलेले असते, आणि दिवसभर डाव्या हाताला नेपाळ, उजव्या हाताला भारत आणि समोर कांचनजंगा ठेवून माणूस चालत राहतो.