दोघांच्या नावचा किराया

नमस्कार मंडळी.

वणी, हिंगणघाट, पुसद, वरुड अशा आपल्या तालुक्याच्या गावांत बसस्टँडच्या मागं नाहीतर कॉलेज रोडला आता तीन-चार मजली इमारती सहज दिसतात. तिथं किरायानं राहणारे बरेचसे आजूबाजूच्या खेड्यांतलेच. ग्रामीण रुग्णालयातली नर्स, जिनिंगमधला सुपरवायझर, बँकेत लागलेली मुलगी, नुकतंच लग्न झालेले मास्तर. दोघंही कमावते असले की घरमालक खूश असतो आणि करारनाम्यात दोघांचीही नावं घाला म्हणतो. एजंट यंत्र घेऊन घरी येतो, दोघं आधारसाठी बोट लावतात आणि 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स नोंदला जातो. पाचव्या-सहाव्या महिन्यात त्या दोघांचं फाटलं, तर त्या कागदाचं पुढं काय होतं, ते आज सांगते. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे ही प्रकरणं टेबलावर येतच असतात.

आपल्याकडं संसार मोडायला आला की आधी बैठक बसते. दोन्हीकडचे मामा, मोठे बापू, गावातला एखादा जाणता माणूस. दागिने कोणाचे, फ्रिज कोणी घेतला होता, गाडीचे हप्ते कोण भरणार, यावर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बोलणं चालतं. कूलरवरून हमखास वाद होतो, आणि विदर्भात मे महिना काढलेल्या कोणालाही त्याचं नवल वाटणार नाही. किरायाच्या करारनाम्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. लग्न न करता सोबत राहणारी जोडी असेल तर बैठकही नाही. एक जण बॅग भरतो आणि निघतो. जाताना मालकाला सांगितलं जातं, "काकाजी, मी चालली आता. पुढचा किराया यालेच मागजा." काकाजी मान हलवतात. कायद्याच्या लेखी मात्र काहीच घडलेलं नसतं.

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याचं कलम 43 असं सांगतं की दोघांनी मिळून एखादं देणं कबूल केलं असेल आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते पूर्ण देणं दोघांपैकी कोणाही एकाकडून मागता येतं. समजा किराया 7,000 रुपये आहे. तुम्ही माहेरी निघून आलात, मागं राहिलेल्यानं तीन महिने एक पैसा दिला नाही. थकले 21,000. मालक ते सगळेच्या सगळे तुमच्याकडं मागू शकतो. "माझे अर्धे घ्या, बाकीचे त्याच्याकडून घ्या," हे उत्तर त्याच्यापुढं टिकत नाही. पूर्ण रक्कम भरल्यावर जोडीदाराचा वाटा त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क त्याच कलमानं तुम्हाला दिला आहे. पण त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो, आणि दहा हजारांसाठी दिवाणी कोर्टात तारखा करायला किती जण तयार होतात, हे मी रोज पाहते.

मालकावर रागावून उपयोग नाही. "तुमचं भांडण तुमच्यापाशी, मले माह्या किरायाशी मतलब," हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. कित्येकांनी वावर विकून ती इमारत बांधलेली असते.

मग सुटायचं कसं? आधी करारनामा काढा आणि दोन कलमं वाचा. एक नोटिशीचं, ते बहुधा एका महिन्याचं असतं. दुसरं लॉक-इनचं, म्हणजे इतके महिने घर सोडता येणार नाही, सोडलं तर तेवढ्या मुदतीचा किराया द्यावा लागेल. लॉक-इन संपलेलं असेल आणि दोघांनाही घर नको असेल, तर दोघांच्या सहीची एकच नोटीस मालकाला द्या. बोलणं बंद असलं तरी त्या एका कागदापुरतं मामाजींना मध्ये घाला. बैठकीचा एवढा उपयोग तरी व्हावा.

एक जण तिथंच राहणार असेल तर माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो: जुना करार तिघांच्या सहीनं संपवा आणि राहणाऱ्याच्या एकट्याच्या नावानं नवा करा. लोकांना यात मोठा खर्च दिसतो. हिशेब करून पाहा. 7,000 किराया, 20,000 डिपॉझिट आणि 11 महिने धरले तर मुद्रांक शुल्क 200 रुपयांच्या आसपास येतं, कारण आपल्या राज्यात ते पाव टक्का आहे. नोंदणी फी ग्रामीण भागात 500 आणि शहरी हद्दीत 1,000. वर एजंटची मजुरी. सासर-माहेरच्या दोन बैठकांच्या चहा-नाश्त्यालाही यापेक्षा जास्त लागतात.

मालक नव्या कराराला तयार नसेल तर निदान त्याच्याकडून लिहून घ्या की अमुक तारखेपासून तुमच्यावर कसलीही देणी नाहीत. करार कायद्याच्या कलम 44 प्रमाणे एकाला असं मोकळं केलं म्हणून दुसरा सुटत नाही, त्यामुळे मालकाचंही नुकसान नाही. हे त्याला समजावून सांगितलं की बऱ्याचदा तो सही करतो. तेही जमलं नाही, तर तुमच्या बाजूनं लेखी कळवा की मी या तारखेला घर सोडलं, माझा नवा पत्ता हा, आणि मुदत संपल्यावर करार वाढवायला माझी संमती नाही. हे शेवटचं वाक्य विसरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. जोडीदार हट्टानं तिथंच बसला आणि कागदावर तुमचंही नाव असलं, तर त्या दुपटीची नोटीस तुमच्या गावच्या पत्त्यावर येऊ शकते. पत्र स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा. जुनं रजिस्टर पोस्ट आता त्यातच मिसळलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा, पण नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर भागवू नका.

डिपॉझिटचं दुखणं वेगळंच. एक जण बाहेर पडला म्हणून मालक अर्धं डिपॉझिट मोजून देत नाही, आणि घर रिकामं होईस्तोवर ते त्याच्याकडं राहणं स्वाभाविकच आहे. म्हणून निघणाऱ्यानं आपला वाटा राहणाऱ्याकडून घ्यावा आणि तसं नव्या करारात लिहून घ्यावं. दोघंही निघत असाल तर किल्ली देण्याच्या दिवशी मालकासोबत घरभर फिरा. मी पाहिलेल्या एका घरात बेडरूमच्या खिडकीची ग्रील कूलर बसवण्यासाठी कापलेली होती, खालच्या भिंतीवर पाण्याच्या ओघळांनी पोपडे आले होते, आणि लोखंडी स्टँडचे चार बोल्ट तसेच भिंतीत होते. कूलर नवऱ्यानं नेला, ग्रीलचे पैसे बायकोच्या डिपॉझिटमधून कापले गेले. असे फोटो आधीच काढून ठेवा. महावितरणच्या मीटरचं त्या दिवशीचं रीडिंगही फोटोत घ्या. उन्हाळ्यातलं शेवटचं बिल छोटं नसतं.

आता, करारनामा नोंदलेलाच नाही, नुसता स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला किंवा तोंडीच, असं खेड्यात पुष्कळ असतं. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदलेला हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर घर घेतलं याबद्दल किरायदाराचं म्हणणं खरं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे "सहा महिन्यांचा किराया भरल्याशिवाय सामान नेऊ देणार नाही," अशी दमदाटी होत असेल तर घाबरून पैसे काढून देऊ नका.

बायकांसाठी थोडं वेगळं सांगते. मारहाण, शिवीगाळ, घराबाहेर काढणं असं काही असेल तर हा नुसता किरायाचा प्रश्न राहत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात किरायाचं घरही सामायिक घर धरलं जातं, करारनामा एकट्या नवऱ्याच्या नावावर असला तरी. लग्नासारखं नातं ठेवून सोबत राहिलेल्या बाईलाही हा कायदा लागू आहे. कलम 19 खाली न्यायदंडाधिकारी तिला त्या घरातून काढू नका असा हुकूम देऊ शकतात, किंवा तिच्यासाठी तशाच दुसऱ्या घराची सोय कर, त्याचा किराया भर, असा हुकूम त्याला देऊ शकतात. म्हणजे घर सोडायचं की तिथंच राहायचं, हे तिनं भीतीपोटी एका रात्रीत ठरवायची गरज नाही. अडचणीच्या वेळी 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.

वकिलाची फी हा प्रश्न अनेकींना मागं खेचतो. विधी सेवा कायद्याखाली बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. पुरुषांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, मात्र अनुसूचित जाती-जमातीतल्या माणसाला ती लागू नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, फोन करायचा तर 15100. जाताना करारनाम्याची झेरॉक्स, मालकाला पाठवलेल्या पत्राची पोचपावती आणि किराया दिल्याचे पुरावे सोबत न्या. पावत्या कोणी देत नाही हे मला माहीत आहे, मोबाईलमधल्या फोनपे-गुगलपेच्या नोंदी चालतात, फक्त फोन बदलण्याआधी त्या कागदावर काढून घ्या.

नमस्कार.