डूडल : एका शिवीची बढती
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

फोनवर बोलताना हात कागदाच्या कडेला आपसूक काहीतरी काढत असतो. चौकटीत चौकट, वेली, डोळे, कुणाच्या तरी मिशा. आपण त्याला रेघोट्या म्हणतो, गिरगटणं म्हणतो. इथे वाढलेली आपली मुलं म्हणतात डूडल. या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे.

सतराव्या शतकातल्या इंग्रजीत डूडल म्हणजे बावळट माणूस. ही शिवी बहुधा उत्तर जर्मनीतल्या बोलीतून आलेली. 'यँकी डूडल' म्हणत ब्रिटिश शिपाई अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांना डिवचायचे, तो हाच डूडल. अमेरिकनांनी ते गाणंच आपलंसं केलं. आज ते कनेक्टिकटचं राज्यगीत आहे. पण चित्राशी या शब्दाचा अजून काही संबंध नव्हता.

तो जुळवला, निदान घरोघरी पोचवला, १९३६ च्या एका सिनेमाने. फ्रँक काप्राचा 'मिस्टर डीड्स गोज टू टाउन'. वारशाने मिळालेला पैसा गरिबांना वाटायला निघालेला नायक, म्हणजे गॅरी कूपर, वेडा आहे की काय याची कोर्टात सुनावणी चालू असते. त्याचा बचाव साधा : विचार करताना प्रत्येक जण काही ना काही खुळेपणा करतोच. न्यायाधीश छापील 'ओ'ची पोटं भरत बसतात. आणि त्याला वेडा ठरवणारे डॉक्टर? त्यांच्या कागदावरच्या रेघोट्या तो भर कोर्टात दाखवतो. अशा माणसाला आमच्या गावी डूडलर म्हणतात, म्हणतो!

रेघोट्यांवरून माणूस ओळखण्याची हौस मात्र जपून करावी. २००५ साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या जागेजवळ एक गिरगटलेला कागद सापडला. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी तज्ज्ञ गाठले, तज्ज्ञांनी पंतप्रधानांच्या मनाची चिरफाड केली. मग कळलं, कागद बिल गेट्स यांचा होता.

२००९ मध्ये जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ४० जणांना एक कंटाळवाणा फोन-निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकताना कागदावरचे आकार रंगवायला सांगितले होते. त्यांच्या लक्षात २९ टक्के जास्त राहिलं. मुलांनो, हे शाळेत सांगू नका. ते आकार छापील होते, वर्गातल्या बाईंना काढलेल्या मिशा नव्हत्या.

आणि रवींद्रनाथ! 'पूरबी' या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यांचे पक्षी झाले, अजब प्राणी झाले. साठी उलटलेला कवी त्यातून चित्रकार झाला आणि १९३० मध्ये पॅरिसला त्या चित्रकाराचं प्रदर्शन भरलं.

आता आपले खजिनदार वर्षाचा हिशेब वाचतील. कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू कोरी आहे.